कोपरापर्यंत हात

दसरा गेला की माझा उजवा हात खाजायला लागतो. कोपरापासून खाली, पार बोटांपर्यंत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, कापसाच्या गाडीत हात घालायचा आता प्रश्नच नाही, तरी खाज येते म्हणजे येतेच. आमच्या घरच्या म्हणतात, "तुमी रिटायर झाले, हे हाताले कोणी सांगतलंच नाही वाटते."

मी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. बोरी अरब, फुलसावंगी असं फिरत फिरत शेवटी घाटंजीला स्थिरावलो. ग्रेडर म्हणजे काय, हे पुण्याच्या माझ्या भाचीला तीनदा समजावून सांगितलं, तरी ती मैत्रिणींना सांगते, "मामा कापूस तपासायचे." जसा काही कापसाला ताप आला होता! असो. शेतकरी बैलगाडीत कापूस घालून आणायचा. तो पहिल्या प्रतीचा, दुसऱ्या प्रतीचा, की घेण्यासारखाच नाही, हे मी ठरवायचं. रंग पाहायचा. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते पाहायचं. मुठीत दाबून सोडायचा. कोरडा असला तर फुलून येतो, ओला असला तर दबलेलाच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरचा थर पाहून काही बोलायचं नाही. वर सगळेच पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र माल पसरतात. पिवळा पडलेला, किडका, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात तो, खाली असतो. यात मला कधी कोणाचा राग आला नाही. पाहुणे येणार म्हटलं की आपणही चादरच बदलतो, गादी कोण बदलतो?

म्हणून हात कोपरापर्यंत आत घालायचा. गाडीच्या पुढून, मधून, मागून. आणि आतला माल काढून चारचौघांसमोर हातावर धरायचा. मागचेपुढचे गाडीवाले गोळा होऊन पाहायचे, टोमणे मारायचे, भांडायचे. ग्रेड कधी कानात सांगितली नाही, मोठ्यानं सांगितली. शिव्याही मोठ्यानंच खाल्ल्या.

एकदा भल्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत, एका गाडीत हात घातला आणि हाताला माणसाचा पाय लागला. माझी बोबडीच वळली. कापूस हलला, आतून पागोटं वर आलं आणि पागोट्याखालून आवाज आला, "हळू जी सायेब! हे कवडी नाही, मी हाय." थंडी वाजते म्हणून गडी कापसातच शिरून झोपला होता. हे उकंडराव. पुढं आमची चांगली गट्टी जमली. वय साठीच्या पुढं, अंगानं काटकुळे, जीभ मात्र दोन माणसांची. मी त्यांच्या गाडीला दुसरी ग्रेड दिली. "मी निंगून गेलो तर पयली देता काय?" त्यांनी विचारलं.

ते दिवस कापसाच्या वाईट दिवसांपैकी होते. बाहेरून पत्रकार यायचे, कॅमेरे यायचे, आमच्या यार्डात उभे राहून मान हलवायचे. भाव पडलेले, बोंडात अळी, आणि केंद्रावर गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार सडकेपर्यंत. गाडी रांगेत लागली की दिवसचे दिवस तिथंच चूल मांडायची. बैल घरी पाठवायचे, माणूस गाडीखाली. गाडी सोडून गेलात तर मागचा आपली गाडी पुढं ढकलायचा, आणि मोकाट जनावरं कापूस फस्त करायची ती वेगळीच. तरी सांगतो, त्या रांगेइतकं हसू मी दुसरीकडं कुठं ऐकलं नाही. लोकांजवळ वेळ होता आणि गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

अशा रांगेत जिल्हा परिषदेची निवडणूक आली. पक्षांची नावं मी लिहीत नाही. सणासुदीचे दिवस आहेत, भांडणं नकोत. जो नेहमी जिंकायचा त्याला थोरला म्हणू, जो नेहमी हरायचा त्याला धाकटा. रांगेत त्या वेळी सगळ्यात जास्त गाड्या नाल्यापलीकडच्या एका गावाच्या होत्या. उकंडराव त्याच गावचे. त्यांच्या मागं गाडी होती पंचफुलाबाईंची.

पंचफुलाबाई म्हणजे चाळिशीची बाई. नवऱ्याच्या पायाला दुखापत झाल्यापासून गाडी त्याच हाकायच्या. घरात बाबासाहेबांचा फोटो, चार एकर पराटी, म्हणजे कापसाचं पीक, आणि एक मुलगी, सुजाता. सुजाता सातवीत होती. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीचा वर्ग नाल्याच्या अलीकडं. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती वाळू, पण पावसाळ्यात बैलसुद्धा उतरत नव्हते. त्या नाल्यावर एक रपटा, म्हणजे सिमेंटचा बुटका पूल, बांधून देऊ असं थोरल्यानं दोन निवडणुकांत सांगितलं होतं. पूल झाला नाही तर पावसाळ्यापासून पोरीची शाळा सुटणार होती. पंचफुलाबाई हे रडून सांगत नव्हत्या, रागानं सांगत होत्या. "माह्या पोट्टीचं डोकं हाय जी सायेब. अन् मधात हा मुडदा नाला."

उकंडराव ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाई, मत कोणालेबी दे, नाला काही हालत नाही."

"तुमी तरी कोणाले देता?"

"थोरल्याले. आमच्या आबापासून थोरल्यालेच हाय."

"मागच्या खेपी कोणाले देल्लं?"

"मागच्या खेपी गेलोच नाही. त्याच्या मागच्या खेपीबी नाही. थोरला येतेच ना निवडून, मंग कायले पायपीट?"

गावातली निम्मी माणसं अशीच होती. थोरल्याचे म्हणवून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी पराटीत जायचे. धाकट्याचे लोक हरणार म्हणून जात नसत, थोरल्याचे जिंकणार म्हणून.

रांग म्हणजे उमेदवाराला आयती सभा. एक दिवस थोरल्याची जीप आली. जागा बाईंसाठी राखीव होती, पण जीपमधून उतरले उमेदवार बाईंचे यजमान, भाऊसाहेब. पांढरे कपडे, गळ्यात पंचा, हात जोडलेले. पत्रकावर त्यांचा फोटो हातभर, आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा डोक्यावर पदर घेतलेला एक चेहरा. भाऊसाहेब एकेका गाडीजवळ वाकत वाकत आले. "आपल्या मालतीताईंवर लक्ष असू द्या."

पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, उभं कोन हाय?"

"सांगितलं ना. मालतीताई."

"मंग त्या कोठी हायेत?"

"घरी आहेत. त्यांना अशा गर्दीची सवय नाही. आणि ताई काय नि मी काय, एकच."

"एकच कसे जी? नाव तर त्यायचं हाय."

भाऊसाहेब हसले. एवढ्यात कापसाच्या ढिगावर बसलेले उकंडराव, थोरल्याचा तीन पिढ्यांचा माणूस, वरून ओरडले, "भाऊसाहेब, हे तर रिकामी गाडी घिऊन ग्रेड मांगनं झालं! माल घरी, गाडीवान हजर!"

सगळी रांग फिसकली. भाऊसाहेब मुरलेले, तेही हसले आणि माझ्याकडं वळले. "काय ग्रेडर साहेब, देता का आमच्या मालाला ग्रेड?"

मी नोकरदार माणूस, निवडणुकीच्या दिवसांत तोंडाला कुलूप. पण तोंडून निघून गेलंच, "भाऊसाहेब, माल पाहिल्याशिवाय ग्रेड द्यायची मला परवानगी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं की बदलीची तयारी ठेवा.

बदली झाली नाही. पण रांगेला एक नाद लागला. कोणाचीही जीप आली की गाड्यांखालून आवाज यायचा, "बाईले आणा!" धाकट्याच्या पक्षानंही उमेदवार म्हणून एका कार्यकर्त्याच्या बायकोलाच उभं केलं होतं, रेखाताई त्यांचं नाव. त्यांचे यजमान आले, ऐकून गेले, आणि दोन दिवसांनी रेखाताई स्वतः आल्या. घाबरलेल्या. हातात पत्रकं, तीही उलटी धरलेली. पंचफुलाबाईंनी थेट नाल्याचं विचारलं.

रेखाताई म्हणाल्या, "मले तो नाला ठाऊक नाही, बाई. पाहून येतो."

असं उत्तर रांगेनं आजवर ऐकलं नव्हतं. उमेदवाराला ठाऊक नाही! लोक एकमेकांकडं पाहायला लागले. आणि बाई खरंच गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलात बुडालेले. म्हणाल्या, "रपटा पाह्यजेच. पन औंदाच्या पावसाळ्याआधी होईन असं मी सांगत नाही. खोटं कायले बोलू?"

उकंडरावांनी हवेतच दोन अंगठ्यांत कापूस ओढल्यासारखं केलं. "धागा बरा हाय," ते म्हणाले. "मत मात्र थोरल्यालेच."

"मंग पाह्यलं कायले?" पंचफुलाबाई भडकल्या.

"पाहाले काय पैसे पडते?"

मतदानाचा दिवस उजाडला. सुट्टी होती, वजनकाटा बंद. सरकारनं सुट्टी दिली ती मत द्यायला, पण गाडीवाल्याला कसली सुट्टी? कापूस कोण राखणार? दोन्हीकडच्यांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. थोरल्याचे गेले तर धाकट्याचे गाड्या पुढं ढकलतील, आणि उलटंही तसंच. शेवटी सगळे तिथंच बसून राहणार, असा रंग दिसायला लागला. "पाह्यलं?" उकंडराव म्हणाले. "आपल्याशिवायच होते निवडणूक."

तेव्हा पंचफुलाबाईंनी एक तोडगा काढला. जोड्या लावायच्या. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. सकाळी एकानं जायचं, दुसऱ्यानं दोन्ही गाड्या राखायच्या, दुपारी उलट. स्वतःच्या पक्षाच्या माणसाशी जोडी चालणार नाही. म्हणजे एकाची गाडी सांभाळली नाही, तर दुसऱ्याचं मत बुडणार. बैलांच्या जोड्या आयुष्यभर लावणाऱ्या लोकांना हे झटकन पटलं. हसत, भांडत जोड्या लागल्या. मी फाटकाला कुलूप लावलं आणि आवारातल्या खाटेवर बसलो. सुट्टी होती, पण घरी जीव लागला नसता.

पंचफुलाबाईंची जोडी लागली उकंडरावांशी. शेजारीच होते ना! सकाळी ते गेले. दुपारपर्यंत येतो म्हणाले.

दुपार झाली. बाकीच्या जोड्या बहुतेक बदलल्या, सकाळचे आले, दुपारचे गेले. उकंडरावांचा पत्ता नाही. पंचफुलाबाई सडकेवर जाऊन पाहून यायच्या, पुन्हा गाडीजवळ यायच्या. ऊन कलायला लागलं. त्या म्हाताऱ्याचा असा राग आला मला, की समोर असता तर मी सगळी सभ्यता सोडली असती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जा. दोन्ही गाड्या मी पाहतो."

"नाही जी सायेब. उद्या लोक म्हनतीन, ग्रेडरनं पंचफुलाबाईची गाडी राखली अन् ग्रेडबी तशीच देल्ली. तुमची नोकरी जाईन अन् माह्या कापसाची इज्जत." त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज तोच, खणखणीत. "अन् जोडीचा नियम मीच काढला. मीच कसा मोडू?"

तेवढ्यात सडकेवर धूळ उडाली. थोरल्याची जीप. फाटकाजवळ थांबायच्या आधीच मागून उकंडराव उतरले, पागोटं हातात, मिशीला वरण लागलेलं. "चाल बाई, चाल, बस लवकर!" ते ओरडले. पंचफुलाबाई काही विचारणार, तोवर उकंडरावांनी त्यांना जीपमध्ये बसवलंसुद्धा. ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, "काका, ह्या आपल्याच हायेत ना?"

"आपल्याच, आपल्याच! हाक बे लवकर!"

जीप गेली आणि उकंडराव मटकन खाली बसले. मग कळलं काय झालं ते. मत देऊन ते निघाले, तर थोरल्याच्या कार्यकर्त्यांनी धरून पंगतीला बसवलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. "बसा ना काका, कायले घाई? बाईची गाडी कोनी खाऊन राह्यलं काय?" पहिला रोडगा गोड लागला. दुसरा कुस्करताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "मले समजलं सायेब, हे जेवन नाही, हे दावं हाय. मले बांधलं म्हन्जे बाई बांधली. मी ताटावरून उठलो अन् सांगतलं, रांगेत आपल्या पक्षाची दुसरी एक बाई राह्यली, जीप द्या." ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मीही हसलो, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. थोरल्याच्या जीपमधून, थोरल्याच्या डिझेलवर, पंचफुलाबाई थोरल्याच्या विरोधात मत द्यायला गेल्या होत्या.

"तुम्ही कोणाला दिलं?" मी विचारलं.

"सायेब, ग्रेड मोठ्यानं सांगा लागते. मत नाही." एवढंच म्हणाले आणि गाडीखाली जाऊन आडवे झाले.

निकाल लागला. थोरला जिंकला. मालतीताई निवडून आल्या, रेखाताई पडल्या. फक्त नाल्यापलीकडच्या गावात, आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. तिथं रेखाताई पुढं होत्या, आणि मतदान इतकं झालं की मोजणारेही चकित झाले म्हणे. पंचफुलाबाईंना वाईट वाटलंच. रांग पुढं सरकत होती, मी हात घालत होतो, ग्रेड ओरडत होतो. वाटलं, संपलं.

काही दिवसांनी, शेवटच्या वेच्याचा कापूस घेऊन तेच गाडीवाले पुन्हा रांगेत लागले तेव्हा, फाटकाशी एक साधा ऑटो थांबला. एक बाई उतरल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मला म्हणाल्या, "पंचफुलाबाईंची गाडी कोनती?" मी दाखवली. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण आठवेना. टपाल तिकिटाएवढा पाहिला होता ना!

"मी मालती," त्या पंचफुलाबाईंना म्हणाल्या. "तुमी मले पाहाचं म्हनत होत्या."

पंचफुलाबाईंनी स्वभावाप्रमाणे सरळ बोलून टाकलं, "ताई, मी तुमाले मत नाही देल्लं."

"ठाऊक हाय. आमच्याच जीपनं नेलतं तुमाले." आजूबाजूची माणसं हसली, त्याही हसल्या. मग हळू बोलल्या. "इतक्या लोकायनं मत देल्लं मले. पन त्यायच्यातल्या एकानंबी म्हटलं नाही का बाईले आणा. मी घरात बसून ऐकत होतो. मले बलावलं ते तुमी. म्हनून पयले तुमच्याकडं आलो. दाखवा तो नाला."

उकंडराव खाली उतरले आणि त्यांनी आपल्या गाडीवरची घोंगडी झटकून ताईंसाठी अंथरली. पण ताई बसल्या नाहीत. पंचफुलाबाईंचा हात धरून ऑटोत बसल्या आणि गेल्या.

रपटा लगेच झाला नाही. पहिला पावसाळा सुजातानं घाटंजीला मावशीकडं काढला. मालतीताईंना घरातही भांडावं लागलं आणि कचेरीतही, आणि गंमत म्हणजे कचेरीत त्यांच्याबरोबर हेलपाटे घालायला रेखाताई जायच्या. थोरल्याची एक, धाकट्याची एक. कारकून गोंधळून जायचे म्हणे. दुसऱ्या पावसाळ्याआधी रपटा झाला. फलकावर नुसतं मालतीताईंचं नाव, कुणाचा फोटो नाही. नाल्याला पूर येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाहायला गेलो. सुजाता दप्तर पाठीला लावून त्यावरून चालत येत होती. पंचफुलाबाई मागं उभ्या राहून तिच्यावरच ओरडत होत्या, "पाय पाहून टाक, माय!"

आता ती रांग नाही. व्यापारी शेतातूनच गाडी भरून नेतात, आमच्या यार्डात गवत वाढलंय. याचं मला वाईट वाटतं, आणि नोकरीपायी नाही. चारचौघांसमोर माल हातावर धरायची एक जागा होती, ती गेली. तिथं लोक कापसाबरोबर दुसरंही बरंच पारखायला शिकले होते.

पाच वर्षांनी, जरा लांबून, पुन्हा निवडणूक आली तेव्हा मी नाल्यापलीकडच्या गावात गेलो होतो, सुजाता बारावी झाली म्हणून पेढे खायला. पंचफुलाबाईंच्या ओट्यावर उकंडराव आधीच बसलेले, अर्धा डबा फस्त करून. तेवढ्यात रपट्यावरून जीप आली. भाऊसाहेब उतरले, तेच पांढरे कपडे, तेच जोडलेले हात.

पंचफुलाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ताई कोठी हायेत?"

"या खेपी जागा खुली आहे," भाऊसाहेब म्हणाले. "ताई नाही, मी स्वतः उभा आहे."

उकंडरावांनी पेढ्याचा हात धोतराला पुसला, ओट्यावरून उतरले, भाऊसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले, आणि सदऱ्याची उजवी बाही सावकाश वर करायला लागले. मनगटावर, मग पुढं, पार कोपरापर्यंत.

"बरं झालं, खुद आले," ते म्हणाले. "या जी भाऊसाहेब. पाहू द्या."